केंब्रिजचे गणकयंत्र आणि त्याची मांडणी



हल्ली पुष्कळ शाळांतून संगणक आले आहेत. सातबाराचा उतारासुद्धा संगणकावरून निघतो. यंत्र चालवायला मुले दोन दिवसांत शिकतात. पण ते आतून कसे रचलेले आहे, कोणता भाग कोणाला हुकूम देतो, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले की गुरुजीही जरा घुटमळतात. त्यात कमीपणा मानायचे कारण नाही. ज्यांनी ही रचना प्रथम उभी केली, त्यांनाही ती कोणी वर्गात बसवून शिकवली नव्हती. विद्यापीठातले आपले रोजचे काम सांभाळून ते ती शिकले. अशाच एका माणसाची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहे.

इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठाची एक गणित प्रयोगशाळा होती. विद्यापीठातल्या संशोधकांना आकडेमोडीला मदत करणे हे तिचे काम. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा, 1945 साली, तिची सूत्रे मॉरिस विल्क्स या बत्तीस वर्षांच्या शास्त्रज्ञाकडे आली. हिशेबांचा ढीग मोठा, साधने हाताने फिरवायची. अमेरिकेत त्या सुमारास एनिअॅक नावाचे प्रचंड गणकयंत्र तयार झाले होते. त्यात सुमारे अठरा हजार व्हॉल्व्ह. हिशेब झटपट करी, पण दुसरा हिशेब द्यायचा म्हटले की तारा काढा, पुन्हा जोडा, खटके बदला. त्यातच दिवस जात.

1946 च्या मे महिन्यात अमेरिकेहून परतलेल्या एका पाहुण्याने विल्क्सना जॉन फॉन नॉयमन यांचा एक अहवाल वाचायला दिला, तोही एका रात्रीपुरता. नक्कल काढून घ्यायची सोय नव्हती. विल्क्स रात्री उशिरापर्यंत तो वाचीत बसले. त्यातली कल्पना वरवर साधी दिसते. घरात शिधा आणि स्वयंपाक कसा करायचा याची चिठ्ठी एकाच फडताळात ठेवावी, तसे आकडे आणि हुकूम एकाच साठ्यात ठेवायचे. मग काम बदलायचे झाले तर तारांना हात लावायला नको, चिठ्ठी बदलली की झाले. साठा, आकडेमोड करणारा भाग, हुकूम वाचून पाळवून घेणारा भाग, आणि आत-बाहेर जाण्याची वाट, अशी ही मांडणी. यालाच आज संगणकाचे आर्किटेक्चर म्हणतात. आपल्या हातातला फोनदेखील मुळात याच मांडणीवर चालतो.

त्या उन्हाळ्यात अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात या विषयावर व्याख्याने झाली. बोटीची जागा मिळायला उशीर झाल्यामुळे विल्क्सना शेवटचे दोन आठवडेच मिळाले. परतीच्या प्रवासात बोटीवरच त्यांनी आपल्या यंत्राचा आराखडा मांडायला घेतला.

यंत्राचे नाव एडसॅक. व्हॉल्व्ह सुमारे तीन हजार. आता साठा कशाचा केला म्हणाल? पाऱ्याचा! आपण पोराला दुकानात पाठवतो तेव्हा विसरू नये म्हणून ते वाटभर “गूळ, मीठ, तेल” असे घोकत जाते ना? तसेच हे. आकड्याचे ठोके ध्वनीच्या रूपाने पाऱ्याच्या दीड मीटर लांब नळीतून जात, दुसऱ्या टोकाला पकडले जात आणि पुन्हा पहिल्या टोकाला सोडले जात. फिरत राहिले तोवर आठवण राहिली!

विल्क्सनी एक गोष्ट मनाशी पक्की ठरवली होती. सर्वांत वेगवान यंत्र आपल्याला नको. खात्रीने चालेल असे साधे यंत्र लवकर उभे करायचे आणि हिशेबासाठी खोळंबलेल्या लोकांच्या हाती द्यायचे. 6 मे 1949 रोजी एडसॅकने शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंतच्या वर्गांचे कोष्टक छापून दिले.

पण खरे शिक्षण पुढेच होते. यंत्र चालू झाले तरी त्याला लिहून दिलेल्या हुकमांत चुका निघू लागल्या. एक काढावी तर दुसरी डोके वर काढी. आपले पुढचे बरेचसे आयुष्य स्वतःच्याच चुका शोधण्यात जाणार, हे विल्क्सना एके दिवशी जिना चढता-उतरता उमगले. त्यांनी ते लपवले नाही, पुढे आठवणींत मोकळेपणाने लिहिले.

यावर त्यांनी व डेव्हिड व्हीलर या संशोधक विद्यार्थ्याने काढलेला उपाय पाहा. भजनाच्या वहीत ध्रुपद एकदाच लिहितात. प्रत्येक कडव्याखाली नुसते “धृ” एवढेच असते. गाणारा वर जातो, ध्रुपद म्हणतो आणि बरोबर पुढच्या कडव्यावर येतो. वारंवार लागणारे हुकूम असेच एकदा लिहायचे, नीट तपासायचे, कागदी फितीवर भोके पाडून कपाटात ठेवायचे, आणि लागेल तेव्हा वापरायचे. काम संपल्यावर कोणत्या ओळीवर परत यायचे याची युक्ती व्हीलरनी बसवली. या संग्रहावर 1951 साली स्टॅन्ली गिल यांच्यासह तिघांचे पुस्तक निघाले. 1953 पासून केंब्रिजला या विद्येचा पदविका अभ्यासक्रमही सुरू झाला. आधी करून पाहिले, मग शिकवले, असा हा क्रम.

आणि उपयोग? जॉन केंड्र्यू यांनी स्नायूंतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाची घडण शोधली, तिचे किचकट हिशेब एडसॅकने केले. त्या कामाला 1962 साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

गुरुजनांना एवढेच सुचवावेसे वाटते. मुलांना कळा दाबायला शिकवाच, पण एखाद्या तासाला यंत्र बंद ठेवा. चार मुलांना उभे करा. एक साठा, एक हिशेबनीस, एक हुकूम वाचणारा, एक निरोप नेणारा-आणणारा. चिठ्ठ्यांवर हुकूम लिहा आणि त्यांच्याकडून साताचा पाढा तयार करून घ्या. कुठेतरी घोटाळा होईलच. तो कोणत्या चिठ्ठीत झाला हे मुलांनाच शोधू द्या. बेरजेत चुकले की हुकमात, यावर त्यांचे भांडण जुंपले, तर तास सत्कारणी लागला म्हणायला हरकत नाही.