मोजणारं कुणी नसताना

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, “तू इतकी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर दहा मिनिटं बोल.” मी म्हटलं, “त्यावर सगळेच बोलतात. मी गोल्फवर बोलते.” पलीकडे बराच वेळ शांतता. त्यांचंही बरोबरच होतं. आपल्या खो-खोच्या संघात मी कायम राखीव खेळाडू. खेळाच्या बाई पाणी वाटायला मला सोबत न्यायच्या, हे इथे बसलेल्या सगळ्यांना आठवत असेल.

आपल्याकडे गोल्फ म्हटलं की मोठे साहेब, पांढरे बूट आणि मागे बॅग उचलणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. मी राहते ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेडला. तिथे शहराबाहेर पडलं की चित्र वेगळं दिसतं. गव्हाच्या शेतांमधल्या, चार-पाचशे वस्तीच्या गावातही गोल्फचं मैदान असतं. माळी नाही, ऑफिस नाही. पत्र्याची एक शेड आणि तिच्या भिंतीला पत्र्याचीच एक पेटी. पाकिटावर नाव लिहायचं, त्यात पैसे घालायचे, पेटीत टाकायचे आणि खेळायला लागायचं. पैसे टाकले की नाही, हे बघायला कुणी नसतं. त्या पेटीला तिथे ‘ऑनेस्टी बॉक्स’ म्हणतात.

अशा गावांत पाण्याची टंचाई असते. म्हणून जिथे चेंडू शेवटी खळग्यात घालायचा असतो, ती ‘ग्रीन’ नावाची जागा हिरवी नसतेच. ती वाळूची असते, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्या वाळूत तेल मिसळलेलं असतं. आपण पोचतो तेव्हा तिच्यावर आधीच्यांचे पाय उमटलेले असतात. बाजूला एक लांब दांड्याचं फावडं ठेवलेलं असतं. त्याने आपल्या चेंडूपासून खळग्यापर्यंत वाळूचा एक पट्टा सारखा करायचा, त्यावरून चेंडू ढकलायचा, आणि जाताना पुढच्यांसाठी वाळू पुन्हा सारखी करून ठेवायची. शेणाने अंगण सारवलेल्या हातांना हे काम लगेच जमतं, हे मी अनुभवाने सांगते.

अनोळखी मैदानावर पहिली शिकवण मिळते ती आपल्याला काही कळत नाही याची. टेकाडापलीकडे काय आहे ते दिसत नाही. पुढच्या होलकडे नेणारी पाटी उन्हाने पांढरी पडलेली असते. एकदा आम्ही तिसऱ्या होलवरून मारायला सुरुवात केली आणि मोठ्या समाधानाने सातव्याच्या ग्रीनवर जाऊन पोचलो. शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर थांबवला, आम्हाला योग्य रस्ता दाखवला आणि सांगितलं, “झाडाच्या डावीकडेच ठेवा. उजवीकडे सगळं घरंगळत खाली जातं.” तेव्हापासून मी नव्या मैदानावर आधी विचारते. पहिला फटका जोरात मारत नाही. वारा बघते, ग्रीनपर्यंत चालत जाऊन मागे वळून बघते. मागून पाहिलं की मैदान बरंच खरं बोलतं.

तीन वर्षांपूर्वी मी आणि माझ्या नवऱ्याने ठरवलं, जगातला सगळ्यात लांब समजला जाणारा गोल्फ कोर्स खेळायचा. त्याचं नाव ‘नलारबॉर लिंक्स’. तो २००९ साली सुरू झाला. एकूण १८ होल, पार ७२. म्हणजे चांगल्या खेळाडूने ते ७२ फटक्यांत पुरे करावेत अशी अपेक्षा. हे सगळं इतर कोर्ससारखंच. फरक एवढाच, की पहिल्या होलपासून शेवटच्या होलपर्यंतचं अंतर १३६५ किलोमीटर आहे. जवळजवळ मुंबई ते दिल्ली! दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या सेडुना या किनाऱ्यावरच्या गावी सुरुवात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कॅलगुर्ली या सोन्याच्या खाणींच्या गावी शेवट. मधे बहुतेक ठिकाणी पेट्रोल पंप, चार खोल्या आणि एक होल. चेंडू मारायचा, कार्डावर शिक्का घ्यायचा, गाडीत बसायचं आणि शे-दीडशे किलोमीटरवरच्या पुढच्या होलकडे निघायचं. लांबच्या प्रवासात ड्रायव्हरला डुलकी येऊ नये, त्याने मधेमधे उतरून पाय मोकळे करावेत, याला ही युक्ती फार छान आहे.

नलारबॉर हा शब्द लॅटिन. अर्थ ‘एकही झाड नाही’. त्या नावाच्या रोडहाउसच्या आसपास ते शब्दशः खरं आहे. चेंडू जिथून मारायचा तिथे हिरवी चटई, शेवटी कृत्रिम गवताचं ग्रीन, आणि मधे नुसती खुरटी झुडपं, दगड आणि माश्या. माश्या इतक्या, की फटका मारताना तोंड उघडलं तर एक आत जाते. एका होलवर कावळ्याने माझा चेंडू उचलून नेला. तो नियमात बसतो. दंड न घेता दुसरा चेंडू ठेवता येतो. पुढे कायगुना ते बॅलडोनिया हा १४६ किलोमीटरहून जास्त लांबीचा, एकही वळण नसलेला रस्ता. बॅलडोनियाच्या होलचं नाव ‘स्कायलॅब’. इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल, १९७९ साली अमेरिकेची ती अंतराळ प्रयोगशाळा कोसळणार म्हणून आपल्याकडेही किती घबराट होती! तिचे तुकडे शेवटी पडले ते त्या भागात. जवळच्या एस्परन्स गावाने नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरची दंडाची पावती पाठवली होती.

त्यानंतर येतं नॉर्समन. एका घोड्याने खुराने माती उकरली आणि सोन्याचा गोळा वर आला, त्या घोड्याच्या नावावरून गावाचं नाव पडलं अशी तिथली गोष्ट आहे. तिथे पुन्हा निलगिरीची उंच झाडं सुरू होतात. आणि इतक्या उघड्या माळावर जे झालं नाही, ते तिथे झाडाखाली झालं.

माझा चेंडू निलगिरीच्या सुटलेल्या सालींमध्ये अडकला होता. नवरा शंभर पावलांवर स्वतःचा चेंडू शोधत होता, पाठ माझ्याकडे. साल बाजूला करायला परवानगी असते. मी केली, आणि चेंडू हलला. वीतभर घरंगळला असेल. नियम साफ आहे: एक फटका दंड आणि चेंडू परत मूळ जागी. मी चेंडू जागेवर ठेवला. पण कार्डावर सात लिहायचे तिथे सहा लिहिले. तोपर्यंत आमची दोघांची बेरीज अगदी बरोबरीत होती.

गोल्फमध्ये रोजच्या खेळाला पंच नसतो. स्वतःचा दंड स्वतः सांगायचा. १९२५ च्या अमेरिकन ओपन स्पर्धेत बॉबी जोन्स या मोठ्या खेळाडूने आपला चेंडू किंचित हलल्याचं स्वतः सांगून एक फटका वाढवून घेतला होता. तो दुसऱ्या कुणाला दिसला नव्हता. स्पर्धा बरोबरीत सुटली आणि जादा खेळात तो हरला. ही गोष्ट मला माहीत होती. ऑफिसात नव्या मुलांना मी ती सांगितलेलीही होती.

नॉर्समनहून कॅलगुर्लीकडे जाताना मी तासभर गप्प होते. शेवटी नवऱ्याला सांगितलं. तो गाडी चालवता चालवता म्हणाला, “मग सात कर की.” मी पेन्सिलीने सहाचे सात केले. एका फटक्याने हरले. कॅलगुर्लीला प्रमाणपत्र मिळालं, ते आमच्या फ्रीजवर लावलेलं आहे.

पण तो तासभर मी फक्त त्या चेंडूचा विचार करत नव्हते. आणि एआय सोडून मी इथे गोल्फवर का बोलतेय, ते आता सांगते.

नववीची सहामाही, भूमितीचा पेपर. सरांनी पेपर वाटले, मला १०० पैकी ८१ होते. बाकावर बसून मी बेरीज केली. तीन वेळा केली. तिन्ही वेळा ७१ आले. सर म्हणाले, “कुणाची बेरीज चुकली असेल तर आणून दाखवा.” ज्यांचे मार्क कमी झाले होते ते सगळे रांगेत उभे राहिले. मी पेपर घडी करून दप्तरात ठेवला. त्या सहामाहीत मी वर्गात पहिली आले, चार मार्कांनी. बक्षीस म्हणून मिळालेला शब्दकोश आईकडे अजून आहे.

दुसरी कोण आली होती, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती आज माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. तिला मी महिन्यापूर्वी फोन करून हे सांगितलं. मला वाटलं होतं, ती हसेल आणि म्हणेल, “अगं, तीस वर्षं झाली, सोड.” ती हसली नाही. म्हणाली, “मला तो दिवस आठवतो. चार मार्क कुठे घालवलेस म्हणून मला घरी विचारलं होतं.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “मेळाव्याला ये. सरांना तूच सांग.”

अनोळखी मैदानांनी मला चांगलं गोल्फ काही शिकवलं नाही. माझी बेरीज अजून शंभराच्या वरच असते. पण पत्र्याची ती पेटी आणि पेन्सिलीचं ते कार्ड यांच्यासमोर एकटीने उभं राहिल्यावर कळलं, की कुणी बघत नसताना लिहिलेला आकडाही कुणाच्या तरी घरी पोचतो.

सर, आपण पुढच्या रांगेत बसला आहात. नववीच्या सहामाहीत भूमितीत मला ८१ नव्हे, ७१ होते. चूक बेरजेची होती, ती आपली. गप्प राहण्याची चूक माझी. आणि येताना आईकडून तो शब्दकोश घेऊन आले आहे. तो जिचा आहे, तिच्या हातात आता देते.