शाळेच्या फाटकातून कोणी परत फिरू नये
(शाखेच्या पालक मेळाव्यातील भाषण)



बदलीच्या नोकरीत आपली मुले दोन-तीन शाळा बदलतात. नव्या वर्गात एकटे पडणे काय असते, हे आपल्या घरांना ठाऊक आहे. पण मुलगा 'बायकी' म्हणून, मुलगी 'पोरासारखी' म्हणून हिणवली जाते, तेव्हा ते मूल प्रत्येक शाळेत एकटेच असते. दिवसभर लघवी दाबून धरते, मधली सुट्टी चुकवते, शेवटी शाळाच सोडते. आमच्या कॉलनीतही अशा पोरांची थट्टा झाली आणि आम्ही हसलो, हे कबूल केले पाहिजे.

२०११ च्या जनगणनेत देशाची साक्षरता सुमारे ७३ टक्के होती, तृतीयपंथीयांची ५६. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची ओळख मान्य केली. २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा निकाल दिला. २०१९ च्या कायद्याने मान्यताप्राप्त शाळांवर भेदभावरहित शिक्षणाची जबाबदारी टाकली. तरी २०२१ मध्ये एनसीईआरटीची शिक्षकांसाठीची पुस्तिका आक्षेप येताच काही दिवसांत संकेतस्थळावरून काढली गेली.

कागदावरचा हक्क पाठपुराव्याशिवाय मिळत नाही, हे कामगारांना शिकवायला नको. पालकसभेत उठून विचारा : कोणत्याही मुलाला निर्धास्त वापरता येईल असे स्वच्छतागृह आहे काय? छळाची तक्रार कोणाकडे करायची? शिक्षकांना प्रशिक्षण दिले काय?

एका साथीवर अन्याय झाला की सारी शाखा उभी राहते. या मुलांची शाखा आपणच आहोत.