ज्युबिली आणि घराबाहेर राहिलेलीं मुलें

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेंत धर्मगुरूंनीं दिलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षें पूर्ण झालीं, म्हणून आपण हा महोत्सव करीत आहों. ज्युबिली हा शब्द आपण आनंदानें उच्चारतों; परंतु लेवीय ग्रंथांतील ज्युबिलीची मूळ आज्ञा वाचून पाहावी. तींत मिरवणूक नाहीं, मेजवानीहि नाहीं. पन्नासाव्या वर्षीं रणशिंग फुंकावें, दास मोकळे करावे आणि प्रत्येकानें आपल्या वतनाकडे व आपल्या कुळाकडे परत यावें, असें तेथें सांगितलें आहे. म्हणून आजचा विषय ऐकून कांहींजण खालीं पाहूं लागले, तरी तो ज्युबिलीच्या बाहेरचा नाहीं. समलिंगी प्रवृत्तीचीं जीं माणसें आपल्याच घरांत जन्मलीं, आपल्याच मंदिरांत ज्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यांच्या मनांत समतेची आस आहे. त्या आशेला ख्रिस्ती श्रद्धा आधार देते कीं नाहीं, हा तो विषय.

पुष्कळांची समजूत अशी कीं, ही मागणी श्रद्धा सोडलेल्यांची आहे. इतिहास निराळें सांगतो. सन १९७१ मध्यें अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं जेनीन ग्रॅमिक नांवाच्या एक धर्मभगिनी विद्यापीठांत गणिताचा उच्च अभ्यास करीत होत्या. तेथें त्यांस एक समलिंगी कॅथोलिक तरुण भेटला. आमच्यासारख्यांसाठीं ख्रिस्तसभा काय करीत आहे, असें त्यानें त्यांस विचारलें. हा प्रश्न नीट ऐकावा. ज्याचा विश्वास मेला आहे तो असें विचारीत नाहीं. तो उठून चालता होतो. सिस्टरांनीं त्या तरुणाच्या मित्रमंडळींसाठीं घरगुती मिस्सांची सोय केली, आणि सन १९७७ मध्यें फादर रॉबर्ट न्यूजंट यांच्यासह ‘न्यू वेज मिनिस्ट्री’ ही संस्था स्थापिली.

पुढें जें घडलें तें झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. अनेक वर्षांच्या चौकशीनंतर सन १९९९ मध्यें रोमच्या श्रद्धाविषयक मंडळानें त्या दोघांचें शिकवणें संदिग्ध व सदोष ठरविलें आणि समलिंगी व्यक्तींमधील सेवाकार्य त्यांस कायमचें वर्ज्य केलें. पुढच्या वर्षीं, या प्रकरणीं बोलूंहि नये अशी आज्ञा झाली. फादर न्यूजंट यांनीं ती शिरसावंद्य मानली व ते धर्मग्रामांत सेवा करीत राहिले. सिस्टर ग्रॅमिक यांनीं ती मानली नाहीं. त्यांस आपला संघ सोडून लोरेटो संघांत जावें लागलें. परंतु ख्रिस्तसभा त्यांनीं सोडली नाहीं. दोघांपैकीं कोणाचें बरोबर, याचा निवाडा मी करीत नाहीं. धर्मगुरू या नात्यानें माझा कल फादर न्यूजंट यांच्याकडे आहे. पण त्या बाईंच्या चिकाटीपुढें मान लवते, हेंहि खरें.

फादर न्यूजंट १ जानेवारी २०१४ रोजीं वारले. त्याच्या पांच महिने आधीं पोप फ्रान्सिस यांनीं विमानांत पत्रकारांशीं बोलतांना, प्रभूचा शोध घेणाऱ्या समलिंगी माणसाचा न्याय करणारा मी कोण, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. फादरांच्या वांट्यास एवढेंच आलें. सिस्टरांस मात्र डिसेंबर २०२१ मध्यें पोप महोदयांकडून पन्नास वर्षांच्या सेवेबद्दल अभिनंदनाचें पत्र आलें, आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं पोप महोदयांनीं आपल्या निवासस्थानीं त्यांची भेट घेतली. पन्नास वर्षें! आपल्या धर्मग्रामाचें सारें वय तेवढें.

योगायोग असा कीं, त्याच तारखेस दिल्लींत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें समलिंगी विवाहास कायद्याची मान्यता देण्यास नकार दिला. इंग्रजी अमदानींतील दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमानें अशा संबंधांस गुन्हा ठरविलें होतें. सन २००९ मध्यें दिल्लीच्या उच्च न्यायालयानें जी मोकळीक दिली, ती २०१३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें काढून घेतली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजीं परत दिली. २०१३ च्या त्या निकालानंतर मुंबईचे त्या वेळचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशस यांनीं, समलिंगी विवाहास ख्रिस्तसभेचा विरोध आहे हें नमूद करूनहि, ती या लोकांस गुन्हेगार मानीत नाहीं, असें जाहीरपणें सांगितलें होतें. आपल्यांतील किती जणांस हें ठाऊक आहे?

न्यायालयाच्या दारीं अशी भरती-ओहोटी चालू असतां माणसास पाय रोवण्यास जागा हवी. ख्रिस्ती माणसास ती बाप्तिस्म्यांत मिळते. तो कोणत्याहि निकालानें रद्द होत नाहीं, आणि आईबापांनीं घराचें दार लावलें म्हणूनहि पुसला जात नाहीं. याच बळावर ६ सप्टेंबर २०२५ रोजीं, ज्युबिली वर्षांत, हजाराहून अधिक समलिंगी यात्रेकरू व त्यांचे आप्त रोममध्यें जमले. त्यांनीं जेझू मंदिरांत एका बिशपांच्या हस्ते मिस्सा ऐकला आणि मग संत पेत्राच्या महामंदिराच्या पवित्र द्वारांतून ते आंत गेले.

विवाह हा एक पुरुष व एक स्त्री यांचाच संस्कार, ही शिकवण बदललेली नाहीं. १८ डिसेंबर २०२३ च्या घोषणेनें समलिंगी जोडप्यांस साधा आशीर्वाद देण्याची मुभा धर्मगुरूंस मिळाली, तीहि ही शिकवण तशीच ठेवून. समतेची आस बाळगणाऱ्या पुष्कळांस एवढें पुरेसें वाटत नाहीं. त्यांचें दुःख मला कळतें, आणि खोटा दिलासा मी त्यांस देणार नाहीं. परंतु आपल्याच धर्मशिक्षणग्रंथांत, अशा व्यक्तींचा आदरानें व करुणेनें स्वीकार करावा आणि अन्याय्य भेदभावाचें प्रत्येक चिन्ह टाळावें, असें सांगितलें आहे. घर भाड्यानें देतांना, कामावर ठेवतांना, गायकवृंदांत घेतांना एवढें तरी पाळण्यास कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाहीं.

सर्वांत मोठा अन्याय मात्र घरांत होतो. मुलगा धीर करून आईबापांस खरें सांगतो, आणि आईबाप मुलगी पाहावयास निघतात! लग्न झालें म्हणजे सारें सुरळीत होईल, असें म्हणतात. याला आशा म्हणूं नये. परक्याच्या लेकीला पणास लावून खेळलेला हा जुगार आहे. ती बिचारी वर्षानुवर्षें आपल्यांतच कांहीं उणें आहे असें समजून झुरते. विवाह मोकळ्या संमतीवर उभा असतो. लग्नापूर्वींच्या चौकशींत मी वराला, तूं आपखुशीनें आला आहेस ना, असें विचारतों, तें कागदावरील रकाना भरण्यासाठीं विचारीत नाहीं. (तुमच्या मुलाचें अजून कां जमत नाहीं, असें मंदिराच्या पायऱ्यांवर आयांस विचारणाऱ्या मंडळींनीं ती काळजी कृपा करून माझ्यावर सोंपवावी.)

आतां एक कामाची गोष्ट. परगांवीं राहणाऱ्या आपल्या मुलामुलींस महोत्सवाचीं आमंत्रणें पाठविण्याचें काम चालू आहे. यादी कुटुंबप्रमुखांनीं दिलेल्या नांवांवरून केली आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीशीं ती ताडून पाहतां कांहीं नांवें गळालेलीं दिसतात. मयत व स्थलांतरित वगळूनहि तीं उरतात. ज्यांच्या घरचीं तीं असतील त्यांनीं पत्ते येत्या रविवारपर्यंत कार्यालयांत आणून द्यावे. कारण कोणी विचारणार नाहीं.