लॅपटॉपला जोडायचा मॉनिटर

मॉनिटरचा आकार कर्णावर इंचांत मोजतात. अक्षरांचा रेखीवपणा मात्र त्या आकारात किती पिक्सेल बसवले आहेत यावर ठरतो. १९२० बाय १०८० पिक्सेलचा पडदा २४ इंची असेल तर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल येतात. २७ इंचीवर जेमतेम ८२, आणि अक्षरांच्या कडा फुटू लागतात. तिथे २५६० बाय १४४० हवेत. खरी फसगत होते ती जोडणीत. टाइप-सी पोर्ट दिसले म्हणजे त्यातून चित्र जातेच असे नाही; काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि फायलींपुरते असतात. जुन्या एचडीएमआय १.४ वरून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते, माउसचा बाण अडखळतो. मात्र कार्यालयीन कामाला १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा बदलणारे चित्र, ही चैनच. त्यापेक्षा वरखाली होणारा स्टँड मानेला अधिक उपयोगी.