शेजारच्या शेताचा दाखला



‘अमक्या ठिकाणी असे झाले, म्हणून येथेही तसेच होईल’ हा चळवळीतला सर्वांत हाताशी असलेला युक्तिवाद. तर्कशास्त्र त्याला साम्यानुमान म्हणते. त्याचे बळ साम्यांच्या संख्येवर नसते. निष्कर्ष ज्या साम्यावर उभा आहे ते साम्य खरोखर आहे काय, यावर असते. रानातला गवा गाईसारखा दिसतो म्हणून कोणी त्याची धार काढायला बसत नाही.

उरण तालुक्याने याची किंमत जमिनीने मोजली आहे. नवी मुंबई आणि न्हावा-शेवा बंदर यांसाठी भूसंपादन झाले ते 1894 च्या कायद्याच्या आधारे. भाव ठरविण्याची रूढ रीत अशी की, शेजारच्या शेताचे खरेदीखत काढावे आणि तो दर लावावा. शेत शेजारचे, माती तीच, खाऱ्या वाऱ्यातले भातही तेच. साम्ये मोजू गेल्यास दहा निघतील. परंतु शेजारचा शेतकरी भात पिकविणाऱ्यास विकत होता आणि स्वेच्छेने विकत होता. येथे घेणारा नगर व बंदर वसविणार होता आणि सक्तीने घेत होता. किंमत ठरते ती नेमकी या फरकावर. मौज अशी की, संपादनानंतरच्या वापरामुळे वाढणारे मोल मोबदल्यात धरू नये, असे त्याच कायद्याचे 24 वे कलम बजावत होते! फरक नजरेतून सुटला नव्हता. तो पाहण्यासच मनाई होती.

दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्याने याच जागी बोट ठेवले. 16 व 17 जानेवारी 1984 रोजी जासई-नवघर भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. भाताची म्हणून घेतलेल्या जमिनीत शहराची जमीन म्हणूनही शेतकऱ्याचा वाटा आहे, ही ती कबुली होती. अंमलबजावणी किती रखडली, हे उरणकरांना सांगायला नको.

हीच कसोटी चळवळीच्या युक्तिवादालाही लावली पाहिजे. डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. त्यात 74 टक्के भागीदारी न्हावा-शेव्याच्याच बंदर प्राधिकरणाची आहे. त्यामुळे ‘न्हावा-शेव्याचे झाले तेच वाढवणचे होणार’ हे वाक्य सभेत टाळ्या घेते. ते अर्धे लंगडे आहे. वाढवणचे बंदर मुख्यतः समुद्रात सुमारे 1,448 हेक्टर भराव घालून व्हायचे आहे. रस्त्यासाठी, रेल्वेसाठी जमीन लागेल, तेथे उरणचा दाखला चालेल. पण साडेबारा टक्क्यांची मागणी जशीच्या तशी उचलली, तर ज्याच्या नावे सातबाराच नाही त्या मच्छीमाराच्या पदरात काय पडणार?

त्याच्यापुरता खरा दाखला शेवा कोळीवाड्याचा. तेथील कुटुंबे उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात नेऊन वसविली. घरांना वाळवी लागली आणि पुन्हा पुनर्वसन मागण्यात दशके गेली. समुद्रावरची त्यांची वहिवाट कोणत्याही खरेदीखतात नव्हती, म्हणून ती तुलनेलाही उभी राहिली नाही. मासेमारीच्या जागा कोणत्या, हंगाम कोणता, होड्या किती, याची नोंद वाढवणच्या परिसरातील गावांनी भराव पडण्यापूर्वी स्वतःच करून ठेवली पाहिजे, आणि कार्यकर्त्यांनी त्यासाठी वही घेऊन किनाऱ्यावर बसले पाहिजे.