पाण्यातली हवा

(औरंगपुऱ्यातील संध्याकाळच्या वर्गात झालेले भाषण)



आज पाटी-पेन्सिल बाजूला ठेवा. आज आपण कोपऱ्यातल्या त्या काचेच्या पेटीकडे पाहू या. तिच्यात आता तीन मासे आहेत. मागच्या मे महिन्यापर्यंत नऊ होते. सहा मासे एका सुट्टीत मेले.

तुम्ही म्हणाल, सहा माशांचे एवढे काय? पण त्या सहा माशांपायी आमच्या हातून एक चूक झाली. आम्ही एका मुलावर खोटा आळ घेतला. ती गोष्ट सांगायची आहे. पण आधी मासा श्वास कसा घेतो, ते पाहू.

मासा पाण्यात राहतो, म्हणून त्याला हवा लागत नाही, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. आपल्याला लागतो तोच प्राणवायू माशालाही लागतो. मासा तोंडाने पाणी आत घेतो आणि कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो. बाजारात मासळी घेताना आपण कल्ला उघडून पाहतो. लालभडक असला तर मासळी ताजी म्हणतो. तो लाल रंग रक्ताचा. त्या ठिकाणी रक्त पाण्यातला प्राणवायू ओढून घेते.

आता पाण्यात हवा कोठून आली? साखर पाण्यात विरघळते, तशी हवाही विरघळते. ती दिसत नाही, एवढेच. उद्या चहाचे आधण ठेवाल, तेव्हा नीट पाहा. पाणी उकळण्याच्या पुष्कळ आधी भांड्याच्या आतल्या बाजूला बारीक बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतील. ती पाण्यात विरघळलेली हवा. पाणी तापले की ती बाहेर पडते.

यातून एक गोष्ट ध्यानात ठेवा. गार पाण्यात हवा जास्त मावते, गरम पाण्यात कमी. २० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांवर तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. मिलिग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा हजारावा भाग. एक लिटर हवेत याच्या तीस पटींहून जास्त प्राणवायू असतो. म्हणजे माशाची शिदोरी मुळातच लहान. उन्हाळ्यात ती आणखी लहान होते. आणि गंमत अशी, की पाणी तापले म्हणजे माशाला प्राणवायू जास्त लागतो.

संपलेला प्राणवायू पुन्हा भरून कसा निघतो? पाण्याचा वरचा थर हवेला लागतो. तेथून हवा आत शिरते. पाणी निपचित असेल तर ती हळूहळू शिरते. पाणी हलले, खळखळले, वरून पडले, तर भराभर शिरते.

याचा दाखला आपल्या शहरातच आहे. औरंगपुऱ्याहून चालत जाण्याजोगी पाणचक्की तुम्ही पाहिली असेल. मलिक अंबरने १६१० साली खडकी येथे राजधानी केली. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याने डोंगराकडचे पाणी नहरीने शहरात आणले. पुढे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी पाणचक्की उभी राहिली. तिच्यासाठीही डोंगराकडून खापरी नळांतून पाणी आणले. ते उंच भिंतीवरून हौदात पडते. त्याच्या जोरावर चक्की फिरून पीठ दळले जाई. पण पाणी असे पडताना हवाही बरोबर घेऊन जाते. त्या हौदातल्या माशांना आपण सर्वांनी फुटाणे, लाह्या टाकल्या असतील. चक्की माणसांसाठी केली, पण पडत्या पाण्याचा लाभ माशांनाही झाला.

आता आमची गोष्ट ऐका.

मंडईत भाजी विकणाऱ्या एक भगिनी आपल्या वर्गाला येतात. त्यांच्याबरोबर त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा येई. आई अक्षरे गिरवी, मुलगा पेटीपाशी बसे. एका शनिवारी त्याचा हात कोपरापर्यंत पेटीत होता. तो पाणी ढवळत होता. आम्ही त्याला दटावून उठवले. तो म्हणाला, "मासे वर येऊन आ करतात. पाणी हलवलं की खाली जातात." आम्ही त्याचे ऐकून घेतले नाही. उलट बोलतो म्हणून आणखी रागावलो.

सोमवारी दार उघडले, तर सहा मासे पाण्यावर तरंगत होते. त्या संध्याकाळी आम्ही सर्वांसमोर मुलाला म्हणालो, "तुझ्या हात घालण्याने हे झाले." तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही आणि त्याची आईही आली नाही. त्यांची नुकती कोठे जोडाक्षरे सुरू झाली होती.

दोन आठवडे गेले. नवे मासे आणावेत म्हणून आम्ही मासे पाळणाऱ्या एका माहितगार गृहस्थांना पेटी दाखवली. त्यांनी प्रश्न विचारले.

"पेटी एवढी काठोकाठ कोणी भरली?" आम्ही. सुट्टीत पाणी आटेल म्हणून.

"वर ही फळी कोणी ठेवली?" आम्ही. मांजर येते म्हणून.

"दाणे किती टाकले होते?" दोन दिवसांचे एकदम. तेही आम्हीच.

"हवेचा पंप चालू होता का?" येथे मात्र आमची मान खाली गेली. पंपाची घुरघुर होते, शिकवलेले ऐकू येत नाही, म्हणून वर्गाच्या वेळी आम्ही तो बंद करीत असू. त्या शनिवारी तो पुन्हा सुरू करायचा राहिला.

मग त्यांनी सर्व उलगडून सांगितले. काठोकाठ भरलेल्या पेटीवर फळी टाकल्याने पाण्याला मोकळी हवा लागली नाही. न खाल्लेले दाणे तळाशी कुजले. कुजण्यालाही प्राणवायू लागतो. पेटीतल्या वनस्पती दिवसा उजेडात प्राणवायू सोडतात, पण रात्री त्याही तो घेतात. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्यात मे महिना, बंद खिडक्या. मासे गुदमरून मेले.

आणि तो मुलगा काय करीत होता? वर्गाच्या वेळी पंप बंद असे, तेव्हा मासे वर येत. ते त्याने पाहिले होते. पाणी हलवून तो त्यांना हवा देत होता. जे पंपाने करायचे, ते तो हाताने करीत होता. आम्ही औषध देणाऱ्यालाच चोर ठरवले.

दुसऱ्या दिवशी आम्ही मंडईत गेलो आणि मायलेकांची माफी मागितली. त्या बाई म्हणाल्या, "मासे मेले त्याचं जाऊ द्या. पण माझं लेकरू दोन रात्री झोपलं नाही." यावर आम्ही काय बोलणार?

आता पेटी पाळायची तर काय करावे, ते सांगतो.

पेटी उंच आणि अरुंद घेऊ नये, पसरट घ्यावी. गोल भांडे गळ्यापर्यंत भरू नये. जेथे ते सर्वांत रुंद असेल तेथपर्यंतच भरावे. झाकायचे तर जाळीने झाकावे. मासे थोडे ठेवावेत.

दाणे चिमूटभर टाकावेत, दोन-तीन मिनिटांत संपतील इतकेच. धडधाकट मोठा मासा दोन दिवस उपाशी राहिला तर मरत नाही. उरलेल्या दाण्यांनी मात्र मरतो.

आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलावे. सगळे एकदम बदलू नये. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेले असते. ते माशाला बाधते. म्हणून पाणी रुंद तोंडाच्या बादलीत एक दिवस उघडे ठेवावे.

पंप रात्री बंद करू नये. त्याचे बुडबुडे वर येऊन पाणी हलवतात, तेच मोठे काम. पंप पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावा. खाली ठेवला आणि वीज गेली, तर नळीतून पाणी उलटे पंपात येते.

वीज गेली तर घाबरू नये. तांब्याने पेटीतलेच पाणी काढावे आणि वीतभर उंचीवरून परत ओतावे. असे थोड्या थोड्या वेळाने करीत राहावे. शंकराच्या पिंडीवर गळती टांगतात ना? तसे तळाला भोक पाडलेले मडके पेटीवर टांगावे. त्यात पेटीतलेच पाणी भरीत जावे. धार जरा मोठी असावी. उकाडा असेल तर काचेला बाहेरून ओले फडके गुंडाळावे. पाण्यात एकदम बर्फ टाकू नये.

आणि रोज सकाळी पेटीकडे पाहावे. मासे वर येऊन तोंड उघडझाप करीत असतील, तर त्यांना भूक लागली असे समजू नका. ते हवा मागत आहेत. मरळ, मागूर असे काही मासे वर येऊन हवेतूनही श्वास घेतात. त्यांची रीत निराळी. तुमच्यापैकी कोणाच्या गावी शेततळ्यात मासे सोडले असतील, तर त्यांनाही हे सांगा. पहाटे मासे वर दिसले, तर लगेच पंपाने तळ्याचेच पाणी उपसून उंचावरून परत सोडावे. तेथे सहा मासे नव्हे, वर्षाची कमाई जाते.

त्या भगिनी आज पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. जोडाक्षरे त्यांनी पुरी केली. मुलगाही येतो. पेटीचे काम आता त्याच्याकडे आहे. आणि पंप वर्गाच्या वेळीही चालू असतो. त्याची घुरघुर तुम्हांला ऐकू येतच आहे. आम्ही जरा मोठ्याने बोलतो, एवढेच.