सोळा बिट पुरेत

सिंगापूरच्या बेडोकमधल्या फ्लॅटमध्ये किशोरीताई आमोणकरांचा भूप राग ऐकायचा, तर १९२ किलोहर्ट्‌झची फाइल हवीच का? १९८२मध्ये बाजारात आलेली सीडी ४४.१ किलोहर्ट्‌झवर चालते. माणसाला ऐकू येणारे, २० किलोहर्ट्‌झपर्यंतचे सगळे ध्वनी तिच्यात मावतात. तिच्या सोळा बिटांचा, सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंतचा पल्ला सुमारे ९६ डेसिबल. त्याचा तळ तर पंख्याच्या घरघरीत आणि पुलावरून जाणाऱ्या मेट्रोच्या आवाजातच बुडतो. मग स्टुडिओत चोवीस बिट कशाला? ध्वनिमुद्रण करताना, आवाज मिसळताना मोकळीक लागते म्हणून. खरी गळती होते ब्लूटूथमध्ये. सीडीचा सेकंदाला १,४११ किलोबिटांचा प्रवाह साध्या एसबीसी संक्षेपन पद्धतीत साधारण ३२८वर येतो. त्यापेक्षा काहीही न गाळणारी फ्लॅक फाइल आणि यूएसबी किंवा ऑप्टिकल वायर बरी. वायर महागडी घेतली म्हणून आकडे बदलत नाहीत, दुकानदार काहीही म्हणो. ते पैसे स्पीकरवर घालावेत.